मधे धूसर आहे, खंडू म्हणाला

खंडू,

तुझ्या शोकसभेत तिघं बोलले. पहिल्यानं तुला अजातशत्रू म्हटलं. दुसऱ्यानं 'कुणाचंही मन न दुखावणारा माणूस' म्हटलं. तिसऱ्याला ऐन वेळी तुझं आडनाव आठवेना, म्हणून तो 'आपले हे, आपले हे' करत राहिला. मी मागे खांबाशेजारी बसलो होतो. दुसऱ्याच्या वाक्याला मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी रुमाल तोंडाशी धरला, तर शेजारच्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. अंबडच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं ज्यानं आम्हा लेथवरच्या टर्नर लोकांची मनं रोज दुखावली, नापास मालाचा लाल टॅग बांधून आणि खाली सही ठोकून दुखावली, तो म्हणे कुणाचं मन न दुखावणारा! मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते चाळीस माणसांत बोलण्यासारखं नव्हतं.

तू गेलास तेव्हा आपलं बोलणं बंद होऊन तीन आठवडे झाले होते. हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, वहिनी सोडून. सगळे मला 'जिवाभावाचा मित्र' म्हणून पुढे बसा, पुढे बसा करत होते आणि मी मागे मागे सरकत होतो. साठी उलटलेली दोन माणसं एका प्रोजेक्टरवरून अबोला धरतात, हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं?

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली होती. मी नवा लागलो होतो आणि स्वतःला फार मोठा कारागीर समजत होतो. चाळीस पिना केल्या, आटे पाडले, पेटी तुझ्या तपासणीच्या खिडकीवर दिली. तासाभरात पेटी परत, वर लाल टॅग. मी तणतणत आलो. तू मला आत नेलंस. तुझ्या त्या अंधाऱ्या खोलीत प्रोफाइल प्रोजेक्टर होता. काचेवर पिन ठेवायची, खालून उजेड सोडायचा, आणि समोरच्या गोल पडद्यावर तिची वीसपट मोठी सावली पडायची. माझ्या आट्यांच्या कडेला, त्या सावलीत, बारीक कुसळ उभं होतं. "हा बघ तुझा केस," तू म्हणालास. "गालाचा राहिला असेल दाढी करताना." मग तूच चहा पाजलास. मी त्या दिवशी पहिल्यांदा माझं काम बाहेरून बघितलं.

आणि त्या दिवशीच तू मला तुझा नियम सांगितलास. इन्स्पेक्टर मशीनवर येत नाही. टर्नरनं खिडकीवर यायचं, तेही जॉब, म्हणजे केलेला नग, दुरुस्त करून. हात हलवत यायचं नाही, रदबदली करायला तर नाहीच नाही. "चूक सुधार, मग ये. तोंड दाखवायला येऊ नको," असं तू तोंडावर म्हणायचास. आम्ही तुला मागे कितीही शिव्या घातल्या तरी नियम पाळायचो. कारण तुझा लाल टॅग कधी चुकलेला कुणी बघितला नव्हता. सगळ्या वर्षांत एकदाही नाही.

सुट्टीच्या दिवशी आपण सिनेमाला जायचो. एकेक करत ती जुनी थिएटरं बंद पडली. मॉलमधल्या थिएटरात एकदा गेलो तेव्हा अंधारात पायऱ्या चढताना तू माझा खांदा असा घट्ट पकडलास की दुसऱ्या दिवशी दुखत होता. मी म्हटलं, "अरे, नवरी आहेस का हात धरून चालायला?" तू हसला नाहीस. परत जायचं नाव काढलं की म्हणायचास, "आवाज फार असतो तिथं." मला ते पटलं, कारण आवाज असतोच.

माझी कुसुम वारली त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी तुला कधी धड 'थँक यू'सुद्धा म्हटलं नाही. मुलगा बंगळुरूला परत गेला आणि पाथर्डी फाट्यावरच्या त्या दोन खोल्यांत मी एकटा उरलो. तू रोज संध्याकाळी यायचास. सांत्वन वगैरे तुला जमत नव्हतं. नळ गळतोय का बघायचास, दाराची कडी सरळ करायचास, गॅसची नळी ओढून बघायचास. एक दिवस हॉलमध्ये उभा राहून म्हणालास, "जगन, तुझ्या घरात फार शांतता आहे. ही भिंत रिकामी आहे. इथं आपण प्रोजेक्टर लावू. शंभर इंची चित्र. घरातच थिएटर." मी म्हटलं, "त्या पैशात त्रेचाळीस इंची टीव्ही येतो. उजेडातही दिसतो." तू म्हणालास, "टीव्हीत माणसं अंगठ्याएवढी दिसतात. मला माणूस माणसाएवढा दिसला पाहिजे."

तो वाद आपण मिटवलाच नाही. आजही माझं म्हणणं आहे की ज्याला परवडणारी वस्तू पाहिजे त्यानं टीव्हीच घ्यावा. पण तुझ्यापुढे मी जिंकलो कधी?

मग सुरू झाली तुझी तपासणी. तू टेप आणलीस आणि भिंतीपासून सोफ्यामागच्या फळीपर्यंत मोजलंस: अकरा फूट चार इंच. फरशीवर खडूनं रेघ मारलीस. किती अंतरावरून किती मोठं चित्र पडतं, हे प्रत्येक प्रोजेक्टरचं वेगळं असतं, ते आधी बघायचं, मग बाकी. नाहीतर लोक डबा घरी आणतात आणि मग भिंत मागे सरकवता येत नाही, असं तू मला तीन वेळा सांगितलंस. माझ्या मुलानं फोनवर म्हटलं, "बाबा, ऑनलाइन मागवा ना, दोन दिवसांत येईल." तू फोनच्या जवळ तोंड नेऊन ओरडलास, "न बघता?"

एम. जी. रोडवरची ती दुकानं! तुला येताना बघून विक्रेते पाणी प्यायला जात असावेत, अशी मला दाट शंका आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'फोर के सपोर्ट', म्हणजे एकदम रेखीव चित्र, असं लिहिलेलं मी वाचून दाखवलं, तर तू त्याला विचारलंस, "सपोर्ट म्हणजे काय? त्याचं स्वतःचं किती आहे?" तो गडबडला. तू म्हणालास, "माझं पोट दहा मांडे सपोर्ट करतं, पचतात दोनच." उजेडाच्या आकड्याचंही तेच. नऊ हजार, बारा हजार असे आकडे रंगवलेले, आणि तुझा एकच प्रश्न, "हे मोजलेलं आहे की छापलेलं?" खरा मोजलेला उजेड डब्याच्या खालच्या बाजूला बारीक टायपात असतो आणि तो शेकड्यांतच असतो, हे मला तुझ्यामुळे कळलं. 'वीस हजारांच्या आत चांगला प्रोजेक्टर मिळत नाही असं नाही,' तू म्हणायचास, 'फक्त तो ओरडत नाही.'

तिरका ठेवला तरी चित्र सरळ करून देणारं बटण दाखवलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "वाकड्या जॉबखाली पत्रा सरकवून सरळ दाखवतात, तसलं आहे हे. आपण समोर सरळच ठेवायचा." पंख्याचा आवाज तू डोळे मिटून ऐकायचास. एका दुकानात इतका वेळ डोळे मिटून बसलास की मालकानं मला हळूच विचारलं, काकांना बरं वाटतंय ना.

बारीक टाइप नेहमी मीच वाचायचो. "वाच रे, माझा चष्मा घरी राहिला." चष्मा दर वेळी घरी राहायचा. मी म्हणायचो, म्हातारा झालास खंडू, चष्मा गळ्यात बांध. चित्र लागलं की तू समोर उभा न राहता बाजूला जायचास, मान वळवून दुकानाच्या दाराकडे बघायचास आणि म्हणायचास, "कडा ठीक आहेत. मधे धूसर आहे." विक्रेता भिंग फिरवायचा. "आता?" "मधे धूसरच आहे." मला तर स्वच्छ दिसायचं. पण मी गप्प बसायचो. तू धूसर म्हणालास म्हणजे ते असणार. मला दिसत नसेल एवढंच. आट्यांवरचं कुसळ तरी मला कुठं दिसलं होतं?

असं वर्ष गेलं. सहा दुकानं, आणि काही दुकानं दोनदा. दसऱ्याच्या सुमारास माझा संयम संपला. भिंत रिकामीची रिकामी, फरशीवरची खडूची रेघ मी पुसताना वाचवत होतो, आणि संध्याकाळी तू आणि मी त्या भिंतीकडे तोंड करून बसत होतो. एक दिवस तुला न सांगता गेलो आणि घेऊन आलो. तुझ्याच यादीप्रमाणे घेतला बरं का. चित्राचं स्वतःचं माप पुरेसं, उजेड मोजलेला, अंतर अकरा फुटांत बसणारं, पंखा हळू. ज्या दुकानात तू सगळ्यात कमी कुरकुर केली होतीस तिथूनच घेतला. मला वाटलं, तुला बोलावून अचानक दाखवावा. तू खूश होशील. एकदा तरी पहिल्या फटक्यात पास करशील.

मी कॉलनीतल्या चौघांनाही बोलावलं, ही माझी पहिली चूक. दिवेलागणीला सगळे आले. वहिनींनी चिवडा आणला होता. पडदे ओढले, प्रोजेक्टर सुरू केला, आणि माझ्या भिंतीवर डोंगर, नदी, माणसं उभी राहिली. सगळे 'वा' म्हणाले. मी मात्र तुझ्याकडे बघत होतो. तू खुर्चीत तिरका बसून खिडकीकडे तोंड केलं होतंस. मग म्हणालास, "जगन, मधे धूसर आहे. परत कर हा."

चार माणसांत, खंडू. माझ्या घरात, मी हौसेनं आणलेल्या वस्तूला. मी म्हटलं, नीट बघ. तू म्हणालास, "बघितला. फसवलंय तुला." तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य निघालं.

"डोळे आहेत की बटणं?"

सगळे हसले. आपल्यात हे नेहमीचंच बोलणं, हसण्यासारखंच होतं. मी कारखान्यात तुला याहून वाईट बोललो होतो. पण तू हसला नाहीस. हातातली बशी टेबलावर ठेवायला गेलास, ती टेबलाच्या कडेला लागली आणि चिवडा सांडला. वहिनींना म्हणालास, "ऊठ वं, घर चाल." तू अहिराणीत बोललास की तुझं काहीतरी दुखलंय, हे मला तीस वर्षांत कळलेलं होतं. दारात वहिनी खाली वाकून तुझ्या चपला सरळ करत होत्या. मला राग आला की बघा, आता बायकोकडून चपला घालून घेतोय, केवढा हा तोरा.

त्यानंतर तू आला नाहीस आणि मी बोलावलं नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी वहिनींचा फोन आला. मी तसाच धावलो. चहा पिता पिता मान टाकलीस, म्हणाल्या. डॉक्टर येऊन गेले होते. तू नेत्रदानाचा फॉर्म भरून ठेवला होतास, म्हणून वहिनींनी रडता रडता नेत्रपेढीलाही फोन केला होता. तिथले दोघे आले, तेव्हा तुझ्या उशाशी मीच होतो. त्यातल्या डॉक्टर मुलीनं कागद काढला आणि नेहमीचे प्रश्न विचारले. वय काय. मधुमेह होता का. मग विचारलं, "डोळ्यांचा काही आजार?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाल्या, "होता. मधलं दिसत नव्हतं त्यांना. दोन्ही डोळ्यांनी. दीड वर्ष झालं."

ती मुलगी शांतपणे म्हणाली की मागचा पडदा झिजला असेल, वयानं होतं, त्यानं काही अडत नाही. आम्हाला पुढची बुबुळं लागतात आणि ती छान आहेत. तिनं कागदावर खूण केली. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला काय वाटलं ते शोभून दिसेल असं लिहिता येत नाही. मला तुझा राग आला. तू मेला होतास आणि मला तुझा राग आला, की एवढं मला सांगितलं नाहीस. मग मी त्या दिवशी काय बोललो होतो ते आठवलं आणि मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

पुढच्या आठवड्यात वहिनी एकेक सांगत गेल्या. तुला माणसाचा चेहरा सोडून कान दिसायचे, खांदे दिसायचे. मला तू चालण्यावरून ओळखायचास. नजर बाजूला वळवली की समोरचं थोडं कळायचं, म्हणून तू दाराकडे बघून चित्र तपासत होतास. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की जितकं मोठं दिसेल तितकं बरं. म्हणून तुला शंभर इंच पाहिजे होतं, म्हणून टीव्ही नको होता. सहा दुकानांत तू एकच गोष्ट शोधत होतास, ज्यात तुला माणसाचं तोंड दिसेल असं यंत्र. आणि मी लोकांना सांगत फिरत होतो की खंडूला कुठलीच गोष्ट पसंत पडत नाही.

"भाऊ, मी लाख वेळा म्हटलं, जगनभाऊंना तरी सांगा," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणायचे, माझं सगळं नाव डोळ्यांवर आहे. उद्या लोक म्हणतील, मग आधी पास केलेलं काय? माझे जॉब गाड्यांत फिरतायत."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तू काय म्हणालास तेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तू पलंगावर बसून म्हणालास, "माले काहीच दिखनं नही. लोक वा म्हनत व्हतात, म्हनजे चांगलाच व्हई. पन न दखता पास कसं म्हनू?"

तू खोटं बोलला नव्हतास, खंडू. तुला मधे धूसर दिसलं, तू मधे धूसर सांगितलंस. एखाद्यानं मित्राचं मन राखायला 'वा' म्हटलं असतं. मीसुद्धा म्हटलं असतं, शंभर वेळा. तुला ते जमलं नाही, आणि दिसत नाही असं म्हणणंही जमलं नाही. या दोन न जमलेल्या गोष्टींच्या मधे तू एकटा बसला होतास आणि मी त्यावर चार माणसांना हसवलं. माफी मागायला आता कुठली खिडकी आहे ते मला माहीत नाही. तरी मागतो.

पण हे पत्र मी माफीसाठी लिहायला घेतलं नाही. एक गोष्ट आहे जी वहिनींनाही सांगितलेली नाही.

वहिनी म्हणाल्या, तू रोज संध्याकाळी विचारायचास, जगनचा फोन आला का. त्या म्हणायच्या, तुम्हीच करा. तू म्हणायचास, "तो येईल. त्याच्यावर आहे आता." त्यांना याचा अर्थ लागला नाही. त्यांना वाटलं, तुझा मानपान. मला मात्र लगेच कळलं. इन्स्पेक्टर मशीनवर जात नाही. तू नियमाप्रमाणे खिडकीत बसून होतास.

आणि मीही नियमाप्रमाणेच वागत होतो, खंडू. तू गेलास ते मी रागावलोय असं समजून गेलास का, हा प्रश्न मला जेवू देत नाही. मी रागावलो होतो, नाही असं नाही. पण दोन दिवस, फार तर तीन. चौथ्या दिवशी मी प्रोजेक्टर खोक्यात भरला आणि रिक्षा करून एम. जी. रोडला गेलो. दुकानाच्या मालकाला म्हटलं, मधे धूसर आहे, बदलून द्या. त्यानं लावून बघितला, म्हणाला, "काका, काही नाही हो." मी हटून बसलो. त्यानं दुसरा दिला. तो घरी आणला, अकरा फूट चार इंचांवर ठेवला, आणि तुझ्यासारखा बाजूला उभा राहून, मान वळवून, मधे बघत राहिलो. एक तास, दोन तास. बघून बघून मलाही मधे धूसर दिसायला लागलं. एवढं सगळं मला स्वच्छ दिसतंय आणि खंडूला नाही, म्हणजे माझंच चुकत असणार, ही माझी खात्री. आठवड्यानं तोही परत नेला. मालक भला माणूस, वैतागला नाही. म्हणाला, "तिसरा कंपनीकडून मागवतो, पण वेळ लागेल."

म्हणून मी तुला फोन केला नाही. तुझ्या दारावरून दोनदा गेलो, वर बघितलं, वहिनी कपडे वाळत घालत होत्या, मी तसाच पुढे निघालो. हात हलवत यायचं नाही. जॉब दुरुस्त झाला की मग जाऊ, पेटी तुझ्यासमोर ठेवू, मग तू काय ते म्हण. फोनवर नुसतं 'ये रे, चहा पिऊ' म्हटलं असतं तर तू आला असतास का? आला असतास बहुतेक. मी तुझ्या डोळ्यांवर माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विसंबलो आणि त्यात आपले तीन आठवडे गेले. तेवढेच उरले होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी सहानंतर आता घरात फार शांतता असते, तू म्हणायचास तशी. कुसुम गेली तेव्हाही होती, पण तेव्हा साडेसहाला तुझी चप्पल जिन्यात वाजायची. आता जिन्यात दुसऱ्यांच्या चपला वाजतात आणि दुसऱ्यांच्या दारात थांबतात. मी दिवा लवकर लावतो. भिंतीकडे पाठ करून जेवतो. मुलगा म्हणतो, बाबा, इकडे या. बघू म्हणतो.

काल दुकानातून फोन आला. तिसरा प्रोजेक्टर आला होता. मालक म्हणाला, "काका, तुमच्या त्या साहेबांनाच घेऊन या या वेळी. त्यांच्यासमोर लावतो, म्हणजे किटकिट नको." मी म्हटलं, मी एकटाच येतो. त्यानं का म्हणून विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मी गेलो. त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि भिंतीवर चित्र सोडलं. कुठल्यातरी बाजारातली भाजीवाली होती, माणसाएवढी. तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या मोजता येत होत्या. मी समोर उभा राहिलो, मग सवयीनं बाजूला गेलो, मग परत समोर आलो. आयुष्यभर मी वस्तू केल्या आणि चांगली-वाईट ठरवायला तुझ्याकडे दिल्या. स्वतःच्या डोळ्यांनी पास म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मालक रिमोट धरून उभा होता.

शेवटी मी म्हटलं, "चांगला आहे. स्वच्छ आहे सगळं. मधेसुद्धा."

तो हसला. वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "काका, पहिलाही असाच होता. दुसराही. मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत होतो की त्यात काहीच खोट नाही, तुम्ही ऐकूनच घेतलं नाही माझं."

"तुमचं कसं ऐकणार?" मी म्हटलं. "खंडूनं रिजेक्ट केला होता."